अठरा मीटर काच

कऱ्हाडात गुरुवारी दुपारचे चार वाजत आले, की श्रीरंग इंगवले आपल्या खोलीचे दार आतून लावून घेत, कानांवर हेडफोन चढवत आणि पत्नीची पावले ऐकत. स्वतः ते कऱ्हाडात नव्हते. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरील आंदेनेस या लहानशा गावात, समुद्राकडे तोंड केलेल्या एका संशोधन संस्थेत ते बसलेले असत. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा सकाळचे साडेअकरा झालेले असत आणि खिडकीखालच्या धक्क्यावर बर्फ साचलेला असे.

बेलकर गल्लीतील तीन क्रमांकाच्या घरातून वैजयंती बाहेर पडे. उजवे पाऊल ठाम पडे. डावे किंचित उशिरा आणि सपाट पडे. चार वर्षांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हापासूनची ती सवय होती. बोलणे ऐकू येत नसे, केवळ पावले येत. सात हजार किलोमीटरवरून ती मोजताना इंगवले नकळत आपलाही डावा पाय जरा उशिरा टेकवत.

दोन हजार सेहेचाळीस साली ही गोष्ट अवघड राहिली नव्हती. काचेचा केसाइतका बारीक तंतू घ्यावा आणि त्यात एका टोकाने प्रकाशाचा स्पंद सोडावा. तो पुढे धावतो. परंतु काचेच्या घडणीतच असलेल्या सूक्ष्म विषमतेमुळे त्याचा अत्यल्प अंश वाटेतून सतत मागे परतत राहतो. जवळून परतलेला प्रकाश आधी येतो, दुरून परतलेला नंतर. परतीला किती वेळ लागला, यावरून तो किती अंतरावरून आला ते सांगता येते. आता त्या काचेवरची जमीन हादरली, तर तेवढ्या जागी काच कल्पनेपलीकडे अल्प प्रमाणात ताणली जाते आणि तिथून येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. सेकंदाला काही हजार स्पंद सोडले, की केबलचा प्रत्येक मीटर म्हणजे एक कान होतो. त्यासाठी जमिनीत नवे काही पुरण्याची गरज नसते. इंटरनेटसाठी गल्लोगल्ली पुरलेली केबल आधीपासून तिथे असतेच.

कऱ्हाडची केबल इंगवल्यांनीच टाकली होती, दोन हजार एकोणीस साली, तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेला एक कनिष्ठ अभियंता म्हणून. पुढे पंधरा वर्षांनी याच केबलने पाण्याची गळती ऐकता येते हे त्यांनी दाखवून दिले. फुटलेल्या नळाचा जमिनीखालचा सूं-सूं आवाज नेमका कोणत्या घरासमोर आहे हे यंत्र सांगू लागले आणि शहराचे एक तृतीयांश पाणी वाचले. त्या काळात त्यांचा सत्कार झाला. माहितीपत्रकासाठी त्यांनी स्वतः मथळा लिहून दिला होता : ‘जमीन खोटे बोलत नाही.’

गळती ऐकणाऱ्या काचेला पावलेही ऐकू येत होती. सुरुवातीला तो नको असलेला आवाज म्हणून गाळून टाकला जाई. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की प्रत्येक माणसाची चाल त्याच्या सहीसारखी वेगळी असते. आठ-दहा मिनिटांच्या चालण्यावरून ‘पदमुद्रा’ तयार होई आणि ती नावाशी जोडता येई. यंत्रणेला ‘भूश्रवण’ असे नाव मिळाले, तिच्यासाठी एक प्राधिकरण स्थापन झाले, आणि कोण कोणाच्या घरी किती वेळा गेले याची नोंद पाच वर्षे जपून ठेवण्याचा नियम आला. इंगवल्यांनी बैठकीत विरोध केला. ऐकले गेले नाही, तेव्हा वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यानंतर त्यांना तीनदा चौकशीला बोलावण्यात आले. तिसऱ्या खेपेला समोरच्या अधिकाऱ्याने हसत हसत त्यांना सांगितले, की काल रात्री तुम्ही घरात अकरा ते एक येरझाऱ्या घालत होता, झोप येत नाही का?

आंदेनेसच्या संस्थेला समुद्रतळाच्या केबलमधून देवमासे ऐकणारा माणूस हवा होता. इंगवल्यांनी होकार कळवला.

“मी नाही येणार,” वैजयंतीने बॅग भरून देता देता सांगितले होते. बत्तीस वर्षे गणित शिकवून ती निवृत्त झाली होती आणि तिची वाक्ये अजूनही फळ्यावर लिहिल्यासारखी सरळ येत. “माझी पावलं ऐकतात तर ऐकू देत. मी काय कुणाचं चोरलंय?”

“प्रश्न चोरीचा नाही, वैजू. न विचारता ऐकणं हीच चोरी आहे.”

“मान्य. पण चोर घरात शिरला म्हणून घरच सोडून जायचं? तुम्ही जा. तुम्हाला इथं श्वास घेता येत नाही, ते दिसतंय मला. मला तिथं घेता येणार नाही. बर्फात हे गुडघे घेऊन काय करू? देवमाशांना पाढे शिकवू?”

त्याला आता दीड वर्ष झाले होते.

आंदेनेसची केबल धक्क्याखालून समुद्रात जाई. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे किनाऱ्यालगतचे पहिले चारशे मीटर ऐकण्याची मनाई होती, कारण तिथे माणसे चालत. उपकरणाच्या आत ती नोंद जन्मतःच पुसली जाई. इंगवल्यांना या गोष्टीचा फार अभिमान वाटे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती वैजयंतीला दोनदा सांगितली होती. कऱ्हाडची यंत्रणा जुळवताना स्वतः उघडलेले एक चाचणी-खाते अजून बंद झालेले नाही, हे मात्र त्यांनी तिला सांगितले नाही. तिथे पोचल्यावर दोन महिन्यांनी, एका दिवशी तिचा फोन लागेना, म्हणून काळजीपोटी त्यांनी ते खाते उघडून पाहिले. ती स्वयंपाकघरात चालत होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी फोन व्यवस्थित लागत असतानाही त्यांनी ते पुन्हा उघडले.

हळूहळू एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. दर गुरुवारी चार वाजता वैजयंती गल्लीच्या वरच्या टोकाला जाई आणि चौदा क्रमांकाच्या घरात शिरे. सहा वाजता परते. चौदा क्रमांक म्हणजे मोकाशी वकिलांचे घर. मोकाशींनी पूर्वी भूश्रवणाविरुद्ध याचिका लढवली होती, आणि त्यांच्याकडे बैठका भरतात या संशयावरून प्राधिकरणाची त्या घरावर नजर होती.

“गुरुवारी दुपारी असतेस कुठं तू?” त्यांनी फोनवर सहज विचारल्यासारखे विचारले.

“शिंत्रेबाईंकडे. बारा नंबरात. पत्ते खेळायला.”

“शिंत्रेबाईंना दिसतं कुठं आता?”

“दृष्टी गेलीय, लबाडी गेलेली नाही. पत्त्यांना सुईनं भोकं पाडून घेतलीत, बोटांना लागतात. परवा माझ्याच हातातली राणी पळवली. मी म्हटलं, बाई, तुम्ही माझ्या मुख्याध्यापिका होतात! तर म्हणतात, म्हणूनच, तुझं लक्ष कधी नसतं ते मला ठाऊक आहे.”

इंगवले हसले. पण समोरच्या पडद्यावर चौदा हा आकडा स्थिर होता.

फोन ऐकला जात असेल म्हणून ती खरे सांगत नसावी, असे त्यांनी स्वतःला समजावले. मग वाटले, निदान आडून एखादा शब्द तरी? जी बाई ‘ऐकू देत’ म्हणून मागे राहिली, ती आता त्याच लढ्याच्या बैठकांना जाते, आणि ज्याने त्यासाठी देश सोडला त्याला सांगत नाही? मोकाशी विधुर होते, हेही एकदा त्यांच्या मनात येऊन गेले. या विचाराची त्यांना पुढे फार लाज वाटली. पण तो आला होता, हे खरे. बोलण्यात थोडे अंतर पडले. वैजयंतीला ते जाणवले असावे. एकदा ती म्हणाली, “हल्ली तुम्ही माझं बोलणं तपासल्यासारखं ऐकता.”

तरीही फेब्रुवारीत ती स्वतःहून म्हणाली, “मे महिन्यात येते. तीन महिने. तुमचे ते देवमासे बघते एकदा.”

त्या दिवसापासून इंगवल्यांना आंदेनेस वेगळे दिसू लागले. त्यांनी पायऱ्या नसलेली खोली शोधली. धक्क्यावरचे कोणते बाक तिला वाऱ्यापासून आडोसा देईल हे तीन वेगवेगळ्या दिवशी बसून पाहिले. दुकानात तिच्या मापाचा कोट त्यांनी चार वेळा हातात घेतला, शेवटी फोनवर विचारले, तर ती म्हणाली, “मी इथूनच घेतलाय. पोपटी. बर्फात हरवले तर सापडेन.” तिकीट एकोणीस मेचे निघाले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नोटीस आली.

“एकटीच बैठक भरवते म्हणे मी,” वैजयंती फोनवर म्हणाली. आवाज चेष्टेचा होता, पण ती मधे मधे थांबत होती. “मोकाशींकडे दर गुरुवारी चारला विनापरवाना बैठक होते, अशी खबर आहे त्यांना. तपासलं तर चौदा नंबरात जाणारी पावलं एकच. माझी. शिंत्रेबाईंची नर्ससुद्धा तिथंच उमटते, पण नोंदणीकृत सेविका म्हणून तिला सूट. मी विचारलं, बैठकीला बाकीची माणसं कुठायत? तर तो अधिकारी म्हणतो, बाकीचे जाड रबरी तळवे घालून पावलं लपवायला शिकलेत मॅडम, तुम्ही नवख्या आहात.”

“मग?”

“मग शिंत्रेबाईंना नेलं सोबत. त्या म्हणाल्या, ही माझ्याकडे असते. तो म्हणाला, आजी, तुम्हाला दिसत नाही. बाई अशा काही कडाडल्या! ‘मी आंधळी आहे, बहिरी नाही! पस्तीस वर्षं पावलांवरून मुलं ओळखलीत मी!’ तर त्यानं शांतपणे एक छापील कागद पुढं सरकवला. माणूस विसरतो, माणूस खोटं बोलतो, म्हणाला. जमीन खोटं बोलत नाही.”

इंगवल्यांना त्या मथळ्यातले आपले अक्षर आठवले.

“अहो, ऐकताय ना? तीस दिवसांत यंत्रणेचा तांत्रिक दोष सिद्ध केला तर प्रकरण बंद. नाहीतर पारपत्र पाच वर्षं जमा.”

“वैजू,” ते सावकाश म्हणाले, “तू खरंच गेली नाहीस चौदामध्ये?”



“तुम्हीही?” ती म्हणाली. “मोकाशींच्या दाराला पाच दगडी पायऱ्या आहेत. या गुडघ्यानं मी त्या चढते आहे, असं तुम्हाला वाटतं?” आणि तिने फोन ठेवला.

पाच पायऱ्या. इंगवल्यांनी आदल्या सहा गुरुवारांच्या नोंदी काढल्या. पायरी चढणाऱ्याचे पाऊल वेगळे उमटते. जोर वाढतो, दोन पावलांमधला काळ लांबतो, आणि दगडी चौथऱ्यामुळे कंप बोथट होतो. वैजयंतीच्या पावलांत असे काही नव्हते. ती सपाट जमिनीवरून सरळ आत गेली होती. ज्या यंत्रावर आपण विश्वास ठेवला, ते यंत्र स्वतःच तिच्या बाजूने साक्ष देत होते, आणि ती साक्ष पाहण्याचे त्यांना इतक्या महिन्यांत सुचले नव्हते.

मग चूक कुठे होती?

ते उत्तर त्यांना दुपारभर सापडले नाही, आणि सापडले तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. केबल जोडणाऱ्यांची एक रीत असते. रस्त्यात जिथे जोड असतो तिथे खड्ड्यात दहा मीटर केबलचे वेटोळे जादा ठेवतात. पुढे कधी तुटली, तर ओढून घ्यायला उपयोगी पडते. या दहा मीटरची नोंद जोडवहीत होते आणि हिशोबातून वजा केली जाते, कारण प्रकाशाला काचेची लांबी कळते, रस्त्याची कळत नाही. बेलकर गल्लीत आठ क्रमांकाच्या घरासमोर असा खड्डा होता. तो इंगवल्यांनीच भरला होता. त्या दिवशी रिळावर अठरा मीटर केबल शिल्लक राहिली होती. नियमाप्रमाणे ती कापून भंगारात टाकायची. पण तंत्रनिकेतनातले कार्यशाळेचे त्यांचे सर नेहमी म्हणत, ‘तार कापली की वाढत नाही.’ इंगवले स्वतःही घरी दोऱ्याचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणारे. चांगली नवी केबल कापणे त्यांच्या जिवावर आले. पुढे गटाराचे काम निघणार होते, तेव्हा उपयोगी पडेल, म्हणून त्यांनी ते अठरा मीटरही खड्ड्यातच गुंडाळून ठेवले. गटार कधी झाले नाही. वहीत दहा मीटरच लिहिले गेले.

यंत्रणा जुळवताना ठराविक जागी हातोड्याचे ठोके मारून नकाशा तपासतात. बेलकर गल्लीत त्यांनी तो स्वतःच्या घरासमोर, तीन क्रमांकापाशी तपासला होता, आणि तो तंतोतंत जुळला होता, कारण खड्डा त्याच्या पुढे होता. पुढच्या भागासाठी त्यांनी जोडवही प्रमाण मानली. स्वतःच्या हस्ताक्षरावर कोण संशय घेतो?

गल्लीतील घरे नऊ मीटर रुंदीची होती. अठरा मीटर म्हणजे दोन घरे. खड्ड्यापलीकडचे प्रत्येक पाऊल दोन घरे पुढे उमटत होते. बारा क्रमांकात जाणारी वैजयंती चौदा क्रमांकात दिसत होती.

ती खरे बोलत होती. पहिल्या दिवसापासून. इंगवल्यांना हायसे वाटले आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली. एक प्रतिज्ञापत्र, खड्ड्याची पाहणी, आणि वैजयंती मुक्त. एकोणीस मेला ती विमानतळाच्या दारातून पोपटी कोट घालून बाहेर येईल. त्यांनी पडद्यावर सुधारणेचा आकडा भरला : उणे अठरा. खात्री करून घेण्यासाठी, एवढेच.

गल्लीच्या वरच्या भागातली सारी पावले एकदम खाली सरकली. वैजयंती बारा क्रमांकात आली. आणि सोळा क्रमांकावर, डुबलांच्या पिठाच्या गिरणीत, गुरुवारी चारच्या सुमाराला जी गर्दी उमटत असे, ती सरकून चौदा क्रमांकावर येऊन थांबली.

गिरणी जीवनावश्यक सेवेत मोडत असल्याने तिथल्या गर्दीकडे यंत्रणा लक्ष देत नसे. इंगवल्यांनीही कधी दिले नव्हते. आता ते एकेक पाऊल पाहू लागले. गिरणीला उतार होता, पायरी एकही नव्हती. ही माणसे मात्र पाच पायऱ्या चढत होती. एकूण अकरा जण. एक काठी टेकत चढे. एक बाई या सहा गुरुवारांत अधिकाधिक जड पावलांनी, दर पायरीवर थांबत चढत होती. तिचे दिवस भरत आले असावेत. कोणीही रबरी तळवे घातले नव्हते. त्यांना काचेच्या एका वेटोळ्याने झाकले होते, आणि ते त्यांना ठाऊकही नव्हते.

त्या संपूर्ण आठवड्यात इंगवल्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा चार वेळा लिहिला. दोष एका व्यक्तीपुरता सिद्ध करता येत नव्हता. अठरा मीटर वजा झाले, की सर्वांच्याच पायांखालून वजा होणार होते. प्राधिकरणाकडे पाच वर्षांच्या नोंदी होत्या आणि त्या प्रत्येक पदमुद्रेपुढे नाव होते. ज्या गोष्टीसाठी त्यांनी घर सोडले, ती गोष्ट ही अकरा माणसे घर न सोडता करत होती. आणि वैजयंतीला त्यांनी आधीच एकदा खोटे ठरवले होते. आता तिला न विचारता तिच्या वतीने उदार होण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

फोनवर हे बोलणे शक्य नव्हते. ऑस्लोत राहणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या मीनल ढवळीकर भाचीच्या लग्नासाठी साताऱ्याला निघाल्या होत्या. इंगवल्यांनी त्यांच्या हाती एक पत्र दिले. त्यात त्यांनी सर्व लिहिले : चाचणी-खाते, गुरुवार, चौदा क्रमांक, मोकाशींबद्दल मनात आलेला तो विचारसुद्धा. अठरा मीटर. गिरणी. शेवटी लिहिले, ‘मुदत बारा एप्रिलला संपते. तू म्हणशील तर मी दोष सिद्ध करतो. चूक माझी, तिची किंमत तू भरावीस असे मी म्हणू शकत नाही. आणि तू यावेस, हे मला किती हवे आहे, तेही या निर्णयात धरू नकोस. पण हवे आहे.’

सहा एप्रिलला मीनलताई परतल्या आणि उत्तर टपालाने आंदेनेसला आले. वहीच्या चौकटीच्या कागदावर, तिच्या उभ्या अक्षरात.

‘अहो,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून इतका संताप आला, की उठून अंगणात फेऱ्या मारायला लागले. मग लक्षात आलं, की तुम्ही तेही ऐकत असाल. म्हणून खुर्चीत बसून संतापले. हे असं करून ठेवलंत तुम्ही माझं.

आपण लग्न केलं तेव्हापासून मी एकदाही तुमचा खिसा तपासला नाही. तुम्ही सात समुद्रांपलीकडे जाऊन माझी पावलं तपासलीत. त्याला प्रेम म्हणू नका. आठवण येत होती, तर तसं सांगायचं. मलाही येते. मी दोन कपांचा चहा टाकते आणि दोन्ही पिते.

मोकाशींकडे कोण जातं ते मला कधीही सांगू नका. मी त्या बैठकांना गेले नाही, याचं श्रेय माझ्या विचारांना नाही, गुडघ्याला आहे. आता सरकारच म्हणतंय, की मी जात होते. म्हणू दे. पायऱ्या न चढता मान मिळाला.

अठरा मीटर आहेत तिथं राहू देत. मी हिशोब करून बघितला. एका बाजूला माझं पारपत्र, दुसऱ्या बाजूला अकरा. हे गणित मी सहावीच्या वर्गातसुद्धा घातलं नसतं, इतकं सोपं आहे. सोपं आहे म्हणून दुखत नाही असं नाही. बॅग भरून झाली होती. मेतकूट काढून बाईंना दिलं. कोट तेवढा बाहेर ठेवलाय, रोज दिसतो.

आणि तुम्ही परत येतो म्हणू नका. आलात, की ती जोडवही तुमच्यापुढं ठेवून विचारतील, हे तुमचंच अक्षर ना, बरोबर ना? तुम्हाला खोटं बोलता येत नाही. लग्न ठरताना वडिलांना पगार सांगितलात, तेव्हाच मला ते कळलं होतं. तेव्हा आता तुम्ही तिथंच राहायचं. पूर्वी तुम्ही तुमच्यासाठी गेला होतात. आता त्या अकरांसाठी राहा.

ऐकणं बंद करा. विचारायला शिका.

वैजयंती’

इंगवल्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. बाहेर धक्क्यावर बर्फ वितळून पाणी वाहत होते. आपल्याला परत जाता येणार नाही, हे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. दाराची कडी आपल्याच हातात आहे, असे ते समजून चालले होते. आता त्यांना जे ठाऊक होते, तेच त्यांना अडवणार होते. बेलकर गल्ली त्यांना प्रथमच खरोखर दूर वाटली.

त्या दिवशी सोमवार होता. गुरुवारपर्यंत थांबावे, शेवटचे एकदा ऐकावे, असे त्यांना फार वाटले. म्हणून मंगळवारी सकाळी कामावर येताच, कोट काढण्यापूर्वी, त्यांनी चाचणी-खात्याची किल्ली कायमची नष्ट केली. नाश झाल्याची खूण पडद्यावर आली. पद्धतीप्रमाणे त्यांनी ती दुसऱ्यांदा पडताळून पाहिली. मग ते देवमाशांच्या नोंदींकडे वळले. त्या दिवशी बावीस किलोमीटरवर एक मादी आणि तिचे पिल्लू होते.

बारा एप्रिलला मुदत संपली. वैजयंती इंगवले यांचे पारपत्र पाच वर्षांसाठी जमा करून घेण्यात आले.

पुढच्या गुरुवारी कऱ्हाडात साडेसहा झाले असतील, तेव्हा त्यांनी फोन केला. पत्रानंतरचा तो पहिलाच. दोघेही थोडा वेळ हवापाण्याचे बोलले.

“वैजू,” इंगवले म्हणाले, “आज काय काय केलंस?”

ती थबकली. “तुम्हाला माहीत नाही?”

“नाही.”

“खरंच?”

“काहीच माहीत नाही. तू बाहेर पडलीस की नाही, तेही माहीत नाही.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती बसली असावी, असा त्यांनी अंदाज केला. आणि आता अंदाजच करावा लागणार, हेही त्यांच्या लक्षात आले.

“सांगते,” ती म्हणाली. “पण मी माझ्या वेगानं सांगणार. घाई करायची नाही. आणि तपासायला तुमच्यापाशी काही नाही, तेव्हा थोडं खोटंही मिसळीन.”

“मिसळ.”

“चारला निघाले. ऊन असं, की चपलेतून चटका. पाचव्या घरातल्या काशीदांनी भिंतीला रंग दिलाय, वांग्याच्या भरतासारखा. त्यांची सून दारात उभी होती, तिला म्हटलं, छान दिसतोय. हे एक खोटं झालं. मग तिनं मला थांबवलं आणि विचारलं, काकू, काका कधी येणार?”

ती थांबली.  इंगवल्यांनी फोन कानाशी अधिक घट्ट धरला.

“मग?” त्यांनी विचारले. “तू काय सांगितलंस?”